उताऱ्यावरचे आडनाव

"चिंचणीकर म्हणतात," ओसरीवरून आत वाकत बन्सीची बायको हंसा म्हणाली आणि दारातच थांबली.

बन्सीच्या हातातले कलम पोलादावरून घसरले. पैंजणाची डाय, म्हणजे चांदी ठोकायचा पोलादी ठसा, होती. कमळाची शेवटचीच पाकळी उरली होती, तिच्या पोटातून केसाएवढा चरा गेला. चाळीस वर्षे मुरलेल्या हाताला हे शोभण्यासारखे नव्हते, पण बन्सीने त्या चऱ्याकडे पाहिलेही नाही.

"कोन म्हणतात?"

"चिंचणीकर. दोघं हायत. एक म्हातारी नि तिचा पोर. पोराच्या गळ्यात प्लांटचा पट्टा हाय."

"हातात फाईल हाय?"

"पिशवी हाय."

"पिशवीत फाईल मावते, हंसा."

बन्सीने भिंग कपाळावर सरकवले आणि डायवर फडके टाकले. हे आडनाव दुसऱ्या कुणाला कसे वाटत असेल ते असो, त्याच्या घरात ते मोठ्याने घेतले जात नसे. कारण ते उताऱ्यावर होते. ज्या जागेवर हे घर, ही डाय कोरायची खोली, मागची विहीर आणि नारळाची वाडी उभी होती, तिच्या सातबाऱ्यावर नाव होते गोविंद विठ्ठल चिंचणीकर यांचे. ते गोविंदराव बन्सीच्या आजोबांच्या हाती वाडी देऊन बडोद्याला गेले आणि परत आले नाहीत. आजोबा म्हणायचे, मालक नसताना त्याच्या कागदावर आपले नाव चढवणे बरे दिसत नाही. तेच पुढे वडील म्हणाले. बरे दिसत नाही, बरे दिसत नाही, असे करता करता तीन पिढ्या त्या वाडीत जन्मल्या, पण कागदावर एकाचाही जन्म झाला नाही. आणि आता बंदराच्या नि रस्त्याच्या बातम्या येऊ लागल्यापासून वाड्यावाड्यांतून अनोळखी गाड्या फिरत होत्या. गाडीतून उतरणारे लोक आधी झाडांकडे पाहत, मग हद्दीच्या दगडांकडे, आणि सगळ्यात शेवटी माणसांकडे.

"चा ठेवू नकोस," बाहेर जाताना बन्सी हळूच म्हणाला.

"मी खुळी हाय काय? चा पाजला म्हणजे मालक कबूल केला. पानीसुदा नाय."

अंगणाच्या कडेला इरकली लुगडे नेसलेली एक कृश म्हातारी वाकली होती. तिने चिमूटभर माती उचलून कपाळाला लावली, आणि उरलेली पदराच्या टोकाला बांधून घेतली.

"माती घेतली," हंसा बन्सीच्या पाठीमागून पुटपुटली. "आपली माती नेते बघा. तपासायला."

मुलगा चाळिशीचा होता. अंगाने आडवा, बोलायला मवाळ. मवाळ बोलणाऱ्यांचीच बन्सीला जास्त भीती वाटे. "नमस्कार काका. मी भाग्येश. प्लांटला मेंटेनन्समध्ये आहे, कॉलनीत राहतो. ही माझी आई, रत्नाबाई." बोलता बोलता त्याची नजर विहिरीवरून वाडीच्या टोकापर्यंत जाऊन आली. "वाडी छान आहे. तुमचीच का?"

"देवीची हाय," बन्सी म्हणाला.

ते अगदीच खोटे नव्हते. वाडीच्या कोपऱ्यात उंबराखाली गावदेवीचा शेंदूर लावलेला दगड होता. बन्सीच्या घरची रोज सकाळची पहिली घागर तिच्यावर पडे. पण देवी म्हणताच म्हातारीचे डोळे भरून आले.

"बग भागू, म्हणलं नव्हतं? म्हणलं नव्हतं मी, आईनंच बदली करून बोलावून घेतलंय?"

मग तिने ओसरीवर बसून सगळे सांगितले. कुणी बस म्हटले नव्हते, तरी ती बसली. तिची माणसे उदगीरकडची. सासऱ्यांचे आजोबा प्लेगच्या वर्षी बायकोला आणि देवाच्या टाकाला घेऊन चिंचणी सोडून तिकडे आले. चिंचणी कुठली, कोणत्या दिशेची, हे सांगायच्या आधीच ते गेले. घराला आडनाव तेवढे राहिले. कुलस्वामिनीचे मूळ ठाणे पाहीपर्यंत मंगळवारी आळणी खायचे, असा नेम तिने लग्नानंतर धरला, त्याला आता पन्नास वर्षे होत आली होती. आणि मुलाची बदली झाली ती तारापूरला, जिथून चिंचणी, म्हणजे बन्सीचे हेच गाव, हाकेच्या अंतरावर.

"आता तीन पोरं हायत मला. तीन चुली झाल्या. तीन टाक लागतेत. चहावाला म्हणला, बन्सीभाऊ हातानं ठसा कोरतेत, अन् देवी बी त्येंच्याच वाडीत हाय."

तिने खणाची घडी उलगडली. आत तळहाताएवढा चांदीचा जुना टाक होता. बन्सीने तो उचलून उजेडात धरला. देवीचे नाक नव्हते, डोळे नव्हते, हात कुठे संपतात तेही कळत नव्हते. पुसून पुसून चांदी गारगोटीसारखी गुळगुळीत झाली होती.

"माझ्या आजेसासूनं पुसली, सासूनं पुसली, मी पुसली. आईला तोंडच ऱ्हायलं न्हाई."

"एवढ्यावरनं काय कोरणार, मावशी?" बन्सी म्हणाला. त्याला काम नको होते असे नाही. यंत्रावर डाय कापणारे बोईसरला आल्यापासून हातकामाची माणसे महिन्यातून एखादी येत. पण हे आडनाव घरात ठेवून घ्यायचे म्हणजे त्याला धसका होता.

"जमंल तसं कोरा. पर तिन्ही एकाच ठशातून काढा. ठसा येगळा झाला की देवबी येगळा हुतो." मग ती थांबली. घसा कोरडा पडल्यासारखी तिने जीभ ओठांवरून फिरवली. हंसा दाराच्या चौकटीला टेकून आढ्याकडे पाहत राहिली.

"पुढल्या मंगळवारी या," बन्सी म्हणाला. टाक ठेवून घेतलेला बरा. त्यांचे काय ते आपल्या हातात तरी राहील, असा विचार त्याच्या मनात आला.

जाताना मुलाने मोबाईल काढून उंबराचे दोन फोटो घेतले. एकात बन्सीचे घरही आले.

*

दोन दिवसांनी बन्सी आधारकार्डाची झेरॉक्स काढायला दादूच्या दुकानात गेला. दादूकडे झेरॉक्स, रिचार्ज, फॉर्म भरणे आणि गावाच्या भानगडी हे सगळे एकाच खिडकीतून मिळे.

"काय बन्सीशेट, मालकांनी दर्शन दिलं म्हणे?"

"कसले मालक? गिऱ्हाईक हाय. टाक करायचाय त्यांना."

"टाक!" दादू हसला. "मग तो कॉलनीवाला काल माझ्याकडं उतारा काढायला कशाला आलता?"

बन्सीचा हात खिडकीच्या कठड्यावरच राहिला. "कुठला उतारा?"

"गावदेवीच्या वाडीचा. दुसरा कुठला? बघितला नि म्हणतो कसा, अरे, हे तर आमचंच आडनाव! दोनदा वाचला. घडी करून खिशात घातला."

"त्याला नंबर कोनी दिला जागेचा?"

दादूला एकदम स्टेपलरमधल्या पिना संपल्याचे आठवले. तो खाली वाकून खोका शोधू लागला. "आता मानूस विचारतो, तर सांगायला नको?" तो टेबलाखालूनच म्हणाला. "सरकारी कागद हाय. आज नाय तर उद्या मिळालाच असता. तू पन एक काम कर, लायटीची जुनी बिलं काढून ठेव. बापाच्या नावाची हायत ना? उपयोगी पडतात."

घरी येईपर्यंत बन्सीने सगळे जुळवून टाकले होते. माती घेतली. फोटो घेतले. उतारा घेतला. आता टाक पुढे करून म्हणतील, ही आमची कुलस्वामिनी, ही तिची वाडी, हे आमचे नाव. मंगळवारचा नेमही खरा कशावरून? नेम धरला की नाही हे काय कुणी तव्यात पाहायला जाते?

"कोरू नकाच," हंसा म्हणाली. "टाक परत द्या. आपल्या हातानं पुरावा करून द्यायचा तो?"

"जरा थांब. आधी मला बघू दे, ही हाय कोन."

त्याने स्टोव्हवर तवा ठेवला, तव्यावर वाळू, आणि वाळूवर टाक. टाकाची पाठ तांब्याच्या पत्र्याने बंद केलेली असते आणि मधल्या पोकळीत लाख भरलेली असते. लाख मऊ झाली तशी त्याने तांब्याचा पत्रा अलगद सोडवला, लाख काढली, आतली चांदी रॉकेलने धुतली. मग भिंग डोळ्यावर घेऊन तो खिडकीपाशी बसला.

टाक झिजतो तो समोरून. पाठीला कोण हात लावतो? शंभर-सव्वाशे वर्षे लाखेच्या आड राहिलेली ती खोलगट बाजू काल ठोकल्यासारखी लख्ख होती. तिथे देवी उलटी दिसते, उंचवट्याच्या जागी खळगा आणि उजव्याच्या जागी डावे, पण बन्सीचा सगळा जन्म उलटे कोरण्यात गेला होता. इतरांना जे उलटे दिसते ते त्याला सुलटे वाचता येई. नाकातली नथ दिसली. हातातली काठी दिसली. काठीला बांधलेले घोंगडे दिसले. आणि देवीच्या पायाशी मान वर करून उभे असलेले, शिंगे वळलेले एक जनावर दिसले.

"हंसा," तो ओरडला, "मेंढरू!"

"काय झालं मेंढराला?"

"देवीच्या पायाशी मेंढरू हाय! अगं, आपल्या किनाऱ्याला कोनी मेंढरं पाळली काय कधी? ही माळावरची देवी हाय. ती चिंचणी दुसरीच कुठली तरी. चिंचेची झाडं काय एकट्या आपल्या गावात उगवतात?"

हंसाने हात कानशिलावर नेऊन बोटे मोडली. मग लगेच तिची भुवई चढली. "मग मेंढरू मोठं काढा. लांबून दिसलं पायजे असं. कोर्टातल्या मागच्या बाकड्यावरनं पन."

बन्सीने मेंढरू होते तेवढेच काढले. हात खोटे कोरायला तयार होत नव्हता. पाच दिवस त्याने दुसऱ्या कामाला हात लावला नाही. मेणात ठसा घेऊन पाहिला, नथीचा मोती पुन्हा कोरला, पोलाद कडक व्हायला तापवून पाणी दिले, चांदीचा पत्रा डायवर ठेवून वरून शिशाचा ठोकळा ठोकला. तीन टाक निघाले. तिघींचे डोळे एकसारखे उघडले. त्या नव्या टाकांच्या पाठी त्याने तांब्याने बंद केल्या. जुन्या टाकाची पाठ मात्र त्याने मुद्दाम उघडीच ठेवली. चारही टाक भिंगासकट सदऱ्याच्या खिशात घालून तो मंगळवारी सकाळपासून अंगणात बसला.

*

रत्नाबाई आली ती सरळ उंबराकडेच गेली. हातात ओटीचे ताट होते. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. हंसा तिच्यावर नजर ठेवायला मागोमाग गेली.

भाग्येश विहिरीपाशी थांबला. त्याच्या शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद डोकावत होता. बन्सीने तो आधी पाहिला, मग त्याचे तोंड पाहिले.

"काका, एक विचारायचं होतं. राग मानू नका."

"विचारा."

"या जागेच्या उताऱ्यावर आमचं आडनाव आहे." त्याने कागद काढला. "मी मुद्दाम शोधायला गेलो नव्हतो. देवीचं नाव कुठे लागलंय ते बघायचं होतं, आईसाठी. पण हे दिसलं. दुकानात म्हणाले, तुम्ही इथे नुसतेच राहता. तुमच्याकडे कागद नाही. आणि तुम्ही तर पहिल्या दिवशी वाडी देवीची म्हणून सांगितलंत." तो अडखळला. "आमच्यापासून काही लपवताय का?"

इतके दिवस आपण याच्यावर संशय घेत होतो आणि हा आपल्यावर घेत होता, हे कळून बन्सीला क्षणभर हसूच आले. मग त्याने खिशातून जुना टाक काढला, पालथा केला, आणि भिंग भाग्येशच्या हातात दिले.

"पायाशी बघा. डाव्या अंगाला."

भाग्येश बराच वेळ पाहत राहिला. यंत्रे उघडून पाहायची सवय असलेला माणूस होता. काय दाखवले जात आहे ते त्याला सांगावे लागले नाही.

"मेंढी?"

"मेंढरूच. काठीला घोंगडं पन हाय. बडोद्याचे गोविंदराव वेगळे नि तुमी वेगळे. हे गाव तुमचं नाय, साहेब. देवी पन नाय."

बोलून होताच बन्सीला हलके वाटायला हवे होते. पण भाग्येश उंबराकडे बघत होता आणि त्याचा चेहरा पडला होता. तिकडे म्हातारी दगडापुढे गुडघे टेकून एकेक तांदूळ निवडावा तशी ओटी लावत होती.

"आईला सांगू नका, काका," तो खालच्या आवाजात म्हणाला. "आज मंगळवार आहे. आज ती मीठ खाणार आहे. पन्नास वर्षांनी. बायकोने घरी पुरणाचं केलंय."

"मी कशाला सांगू?"

"भागू." उंबराखालून आवाज आला. "त्यो कागद खिशात ठेव."

दोघेही दचकले. म्हातारीने मान वळवली नव्हती. "मेंढरू हाय न्हवं त्यात? सासूच्या वेळंला शिंगं दिसायची. पुढं म्या बोटानं वळखायची."

"मावशी," बन्सी पुढे गेला, "म्हणजे तुमाला म्हाईत होतं?"

"पयल्या दिवशीच. ओसरीवर बसले अन् वाऱ्यात मीठ लागलं व्हटाला. म्हणलं, ही न्हवं. आईला मेंढरं चाराया माळ पायजे. हितं कुटं चारंल ती?"

भाग्येश तिच्याजवळ जाऊन खाली बसला. "मग बोलली का नाहीस? अख्खा आठवडा?"

"तू किती खुशीत व्हतास. बदली झाल्यापास्नं पयल्यांदा." तिने त्याच्या गुडघ्यावर थोपटले. "मंगळवार चालू ऱ्हाईल. इतकी वर्सं चाललाय, त्येला काय हुतंय. पुरण सुनंला म्हणावं दुपारच्याला तुमी खा."

"मग ही ओटी कोनाला?" हंसाने विचारले. तिच्या आवाजातली धार निम्मी झाली होती.

"हिलाच. ज्या गावचं पाणी प्यायचं त्या गावच्या आईला इचाराया नगं का?"

पाणी म्हटल्यावर हंसाने पटकन खाली पाहिले आणि ती घराकडे गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात तांब्या होता आणि वर झाकण म्हणून उपडा पेला. म्हातारीने तो घेतला, वरून धार धरून पाणी प्याली, आणि उरलेले उंबराच्या बुडात ओतले.

"कागदाचं समदं ऐकलं म्या," ती बन्सीला म्हणाली. "कान चांगलं हायत अजून. भाऊ, आमचं आडनाव ऐकून तुमचा जीव टांगला ना? आमालाबी उलटंच वाटायचं. नावात गाव हाय, म्हंजी गाव आपलं हाय. लई मिरवलं आमी. पर सांगा, हितं तुमाला कुणी चिंचणीकर म्हणतंय का?"

"मला? मला बन्सी डायवाला म्हणतात."

"तेच. गावात नांदणाऱ्याला गावाचं नाव कशाला लागंल? पायाखालनं सुटलं की मग ते नावाला चिकटतंय. त्ये तुमचं बडोद्याचं गोविंदराव घ्या, न्हाई तर आमचं म्हातारं घ्या. घर सुटल्याली माणसं समदी."

बन्सीने जुना टाक भाग्येशकडे दिला आणि खिशातले तीन नवे टाक म्हातारीपुढे धरले. तिने ते लगेच घेतले नाहीत. एकेकीच्या नाकावरून, डोळ्यांवरून, मग पायाशी मेंढराच्या शिंगावरून तिने अंगठा फिरवला. तिथे तो जरा वेळ राहिला. मग तिने टाक खणात गुंडाळून मुलाकडे दिले आणि शेंदऱ्या दगडापुढे डोके टेकले. ती पुटपुटत होती, पण कान चांगले असलेली माणसे पुटपुटतात तेही मोठ्यानेच.

"आई, मी परक्या गावची. तुझं नावबी ठावं न्हाई मला. एवढं ऐक. ह्या घरच्या माणसांस्नी हितंच ठेव. आमचं आडनाव त्येंच्यावर येऊ देऊ नगं."

हंसाने पदर तोंडाशी धरला. भाग्येशने कागदाची घडी खिशात आणखी खाली दाबली. उतारा होता तसाच राहणार होता. आज हे चिंचणीकर गेले, उद्या खरे येतील, आणि त्यांच्या टाकाच्या पाठीला मेंढरू असणार नाही. बन्सीला हे कळत होते.

म्हातारीला उठता येईना. गुडघे धरले होते. बन्सीने वाकून हात दिला. तिने तो घट्ट धरला, उभी राहिली, आणि सोडला तेव्हा तिच्या मनगटावर त्याच्या चार बोटांचे काळे ठसे उमटले होते.

"मावशी, हाताला काळं लागलं. पोलादाची पूड हाय."

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली, आणि मुलाच्या खांद्यावर हात ठेवून हळूहळू फाटकाकडे चालू लागली.

ती पूड साबणाने जात नाही, दोन-तीन दिवस तशीच राहते, हे बन्सीला सांगायचे होते. तो फाटकापर्यंत मागून गेला आणि त्याने नुसतेच फाटक उघडून धरले.